दरजा

एप्रिलच्या मध्यावर मालारला
फेरीबोटीतून चुन्याची पोती आली
आणि मागून इनास, सायकल हातात धरून.

वायव्येची भिंत त्याने आधी हुंगली.
मग नाण्याने ठोकत गेला, वीत वीत सरकत.
एका जागी आवाज पोकळ झाला,
आत माणूस असूनही दार उघडू नये, तसा.

"सिमेंट," म्हणाला.
"वीट जुनी, मऊ. तिला घाम येतो.
वर हा रेनकोट चढवलाय कुणीतरी.
भेगेतून आत गेलेलं पाणी
जाणार कुठून?"

मी तीन वर्षं डब्यामागून डबा रंग फासत होतो,
दहा वर्षांच्या हमीचा.

रंग खरवडला. खिडकीच्या कोपऱ्याखाली
ओल्या गिलाव्यात कधीतरी ओढलेला
थापीच्या टोकाचा मासा. खाली साल, ९३.

इनासच्या थापीच्या मुठीवर तोच मासा कोरलेला.
मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्याने पाहिलं.
चष्मा शर्टाला पुसत राहिला बराच वेळ.

"हें म्हजेंच काम.
पाय सांगायचा, चुना सोडू नको.
तेव्हा सिमेंटचं पोतं खांद्यावर असलं
की लोक वाट द्यायचे."

मग छिन्नी. गिलावा पाटीपाटीने निघाला,
मागे लोणा, आणि विटांचं तांबडं पीठ.
दरजा मोकळ्या केल्या पेरभर खोल,
विटेच्या कडेला धक्का न लावता.
झाडल्या. पाणी शिंपडलं.
(ओल घालवायला पाणी लागतं
हे पटायला माझी एक दुपार गेली.)
तीन आठवडे मुरलेला चुना, धुतलेली वाळू,
थोडा गूळ, मुंग्यांनी आधीच तपासलेला.
संध्याकाळी ओली गोणपाटं टांगायचा भिंतीवर,
तापल्या कपाळावर घडी ठेवावी तशी.

हिशेबात एक भिंत कमी होती.
"तिचे पैसे घेतलेत मी," म्हणाला, "तेव्हाच."

कोपऱ्यात या खेपेला मासा नाही.
विचारलं, तर म्हणाला, चार पावसाळे जाऊ दे.

हा पहिला.
दिवा मालवताना तळहात टेकवतो भिंतीला:
थोडी ओल येते,
आणि खाडीवरून वारा सुटला
की आली तशी जाते.