नावडतीचं मीठ

टक्सनच्या वाळवंटात रांगेने उभी आहेत ती विमानं,
काचांवर पांढरा लेप चढवलेली.
मेकॅनिक लोरेटा हॉल्कम ओल्या फडक्याने
एकाच्या तोफेवरची धूळ पुसते. तिला कोणी सांगितलेलं नाही.

वॉशिंग्टनात हवाई दल म्हणालं : संथ, जुनी, कुरूप.
नावडतीचं मीठ अळणीच.
भूदल म्हणालं : आम्हाला हवीत.
मग घ्या की, सांभाळा, म्हटल्यावर
भूदल सावकाश पाणी प्यायलं
पेला रिकामा होईस्तोवर.

त्या दरीत, रेडिओ कानाशी घट्ट धरून
पालथा पडलेला तिचा भाऊ
विचारत नव्हता पंखांवर शिक्का कोणाचा.
एवढंच म्हणत होता, खाली या,
अजून खाली.

आली होती ती.
बावीस मिनिटांनी.

लोरेटा फडकं पिळते.
पाणी काळं निघतं.