पहिलीचा टाक

पारोळ्याच्या सराफ गल्लीत, दुकानाच्या माडीवर
मी जर्मन सरदारांच्या चेहऱ्यांवरची धूळ काढते.
चारशे वर्षांचा आल्बम. तिकडून फाइली येतात.
पान तळहाताएवढं, त्यात माणूस अंगठ्याएवढा,
गळ्याभोवती पांढरी कॉलर,
खाटेवर वाळत घातलेल्या कुरडईसारखी.
सूचना एकच: कसरीची भोकं बुजवायची नाहीत.

सगळ्यांचं नाक एकच.
पणजोबापासून पाळण्यापर्यंत तेच वाकडं नाक,
गढीसोबत वाटणीला आलेलं.
एका पोराच्या डोक्यावर बारीक तांबडा क्रूस:
चितारायच्या आधीच गेलेला.
तरी उभा केलाय. हातात चेरीचा घोस दिलाय.

बापू चहा घेऊन वर आले, भिंग कपाळावरच.
"हाई कोन शे?"
पहिली बायको.
"आनि हाई?"
दुसरी. लगतच्याच पानावर.
तिच्या गळ्यात साखळी, साखळीत डबी,
डबी मिटलेली.
बापू डबीकडेच बघत राहिले. चहावर साय धरली.

खाली चांदीचा पत्रा तसाच पडलाय.
आडगावच्या बिजवराची नवी नवरी,
तिच्या गळ्यात पहिलीचा टाक हवा, परवा हळद.
फोटो दिलाय आधार कार्डावरचा.
बापूंचा ठसा तीस वर्षांपूर्वीचा:
दोन डोळे, नथ, पदर.
आमच्याकडे सगळ्या मेलेल्या बायका सारख्याच दिसतात.

हातोडीचे दोन ठोके ऐकू आले.
तिसरा आलाच नाही.
मग जिन्यातून हाक:
"माय, या बाईनं नाक
जरासं मोठं करीसन दखाड."