शब्दकोशात जोडा

तालुक्याहून फॉर्म आलाय.
आपले आवडते डिजिटल साधन कोणते? एकच नाव लिहा.
शेजारी लाल चांदणी, म्हणजे रिकामं सोडता येत नाही.

परब गुरुजींनी प्रश्नमंजुषेचं ॲप लिहिलं.
खाडीपलीकडच्या मॅडमनी नकाशाचं,
ज्यात पोरं आभाळातून आपल्याच कौलांवर उतरतात
आणि अंगणात वाळणारी जाळी शोधत बसतात.
दोन्ही चांगली. मीही वापरते.
हजेरीचा तक्ता तर आपली आपण बेरीज करतो,
आता नऊ पोरांची बेरीज ती काय, पण करतो बिचारा.

मी करमाळ्याची.
पहिलं वर्ष खाजणवाडीत अर्धं कळायचंच नाही.
पोरं बोलायची, मी हसायचे,
आणि हसण्यातून भलतंच उत्तर जायचं.

मग लॅपटॉप मिळाला, बँकेनं टाकून दिलेला,
'र'ची कळ जरा अडकणारी.
स्वरांगी मेथर, इयत्ता तिसरी,
तिनं पहिलं वाक्य लिहिलं:
बापूस रापणीक गेलो.
खाली लाल नागमोडी रेघ.
"बाई, शब्दाखाली लाट इली."

मग तिनं नाव लिहिलं. नावाखालीही लाट.
"माझां नाव चुकीचां आसा?"

दहा वर्षं लाल पेन चालवलेली मी,
त्या रेघेच्या खालच्या बाजूला
पहिल्यांदाच उभी राहिले.

उंदराची उजवी कळ दाबली. यादी उघडली:
सारंगी, स्वरांकित, सवंगडी,
तिला काय काय व्हावं लागलं असतं ते सगळं.
आणि पार तळाशी, कुणी बघू नये अशा जागी,
शब्दकोशात जोडा.
जोडलं.
लाट ओसरली.

तेव्हापासून शुक्रवारचा शेवटचा तास तोच.
खंय. गजाल. सुंगटां. पेडवे.
भार्गव कुबलनं दर्या लिहिला आणि दऱ्या लिहिली,
'र' डोक्यावर चढला की समुद्र,
बाजूला आडवा झाला की डोंगरातली फट.
"दर्याच्या पोटात पण दऱ्या आसत," तो म्हणाला,
"आजो सांगता."
जोडल्या.

धनबीर मागच्या बाकावर.
बाप ट्रॉलरवर खलाशी, नेपाळातला.
पोरगा महिनाभर बोललाच नाही.
मग एकदा उठून आला, एका बोटानं लिहिलं:
माछा.
लाट.
"बाई, मासो चुकीचो लिवल्यान."
स्वरांगीनं वळूनही पाहिलं नाही.
"चुकीचो नाय. तेचो आसा."
आणि कळ दाबली.

मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा अडला.
कुडाळच्या दुरुस्तीवाल्यानं साडेआठशे घेतले.
"बाई, एकदम कोरो करून दिलंय," म्हणाला,
नवं भांडं घासून दिल्यासारखा.
तीनशे बारा शब्द.
मी मोजत गेले होते, हजेरीच्याच तक्त्यात,
पण शब्द कुठे उतरवून ठेवले नव्हते.
आकडा तेवढा उरला.

शाळा उघडली. स्वरांगीनं नाव लिहिलं.
लाट.
मला वाटलं रडेल.
तिनं खुर्ची पुढे ओढली. "परत घालूंया."

आठवड्याभरात भांडून भांडून शंभर झाले,
त्यात तीन शिव्या, त्या मी पाहिल्या नाहीत असं ठरलं.
धनबीर आलाच नाही.
बोटी वर ओढल्या तेव्हाच ती माणसं गेली,
पुढच्या हंगामात कुठलं बंदर, कुणाला ठाऊक.
त्याचा शब्द कुणी घालायचा यावर वाद झाला.
शेवटी भार्गवनं चड्डीला हात पुसले,
'मछा' लिहिलं,
काना राहिला म्हणून खोडलं,
पुन्हा लिहिलं.

तर फॉर्म भरला.
संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन:
"बाई, शब्दकोशात जोडा, हे ॲप सापडत नाहीये.
कुठल्या कंपनीचं म्हणायचं?"
मी सांगायला लागले,
आणि रेंज गेली.
सुरुच्या बनाशी गेले तर परत येते.
निघालेय, चप्पल सापडली की.