पंचाहत्तरची कॅप्सूल

डाव्या पायात, कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत,
कुणीतरी उघडी वायर सोडून गेलंय
आणि मेन स्विच कुठे ते सांगितलेलं नाही.

सोहारच्या दवाखान्यात डॉक्टर सुदानी, मृदू बोलणारा.
कागदावर मणका काढला,
दोन मणक्यांमधली गादी, गादीखाली चिमटलेली नस.
दहापैकी किती दुखतं, विचारलं.
शाळेत मला दहापैकी चारच्या वर कधी मिळाले नाहीत.
म्हटलं, आठ.

फार्मसीत रजिस्टरवर सही, कार्डाची झेरॉक्स,
आणि सोनं मोजावं तशा मोजून अठ्ठावीस.
डेझीनं पाकिटावर चंद्र काढला
आणि चंद्राखाली एकच उभी रेघ.

पहिला आठवडा मी पाण्याखाली होतो.
कंटेनर हलत होते की मी,
ते ठरत नव्हतं, म्हणून फोर्कलिफ्टची चावी
आपणहून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली.
मशीनचा भत्ता गेला.
आता शेडमध्ये खुर्चीवर बसून पेट्यांचे नंबर लिहितो,
आणि बसणं तर त्या नसेला मुळीच खपत नाही.

पाय सुजले. सेफ्टी शूज घालताना वर्गीस बघत होता,
म्हणाला, माझ्या बायकोचे सातव्या महिन्यात असेच होते.
पट्ट्याची भोकं संपली.
सकाळी तोंडात कापूस.
पण वहीत आठाचे सहा झाले, सहाचे पाच,
आणि एका रात्री मी कुशीवर झोपलो,
चक्क डाव्या कुशीवर.

शुक्रवारी मेहरुन्निसाचा फोन.
खेडच्या घराला सुतार पुढचं दार बसवतायत,
तो विचारतोय, लाकडाचा करू की दगडाचा?
मी म्हणालो, लाकडाचा नको, तो... ते...
जे खाली असतं दाराच्या,
ज्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं...
शब्द ओठांपर्यंत आला
आणि शिक्का नसलेल्या माणसासारखा
काउंटरवरून परत फिरला.
जीभ जड. मी हसलो, तर हसूही लडबडलं.

पलीकडे पंख्याचा आवाज.
मग तिनं हळूच, पोरांना ऐकू जाऊ नये असं विचारलं,
"तुम्ही प्यायलात का?"

अठरा वर्षं या देशात. थेंब नाही.
पण गोळीचंही मी घरी सांगितलं नव्हतं,
मग कोणत्या तोंडानं रागावणार?
तरी रागावलो. गोळीवर.
दोन रात्री पाकीट उशीखाली तसंच ठेवलं.

तिसऱ्या रात्री घामानं चादर भिजली, दात वाजले,
वायर दोन्ही पायांत पेटली,
वर्गीसनं माझ्या अंगावर त्याचं ब्लँकेट टाकलं.
सकाळी डेझी चिडली. अशी एकदम सोडतात का?
उतरायचं तर जिन्यानं उतर,
गच्चीवरून उडी मारू नकोस.
डॉक्टरनं वेळ बदलली. झोपताना नको, संध्याकाळी साडेसातला,
म्हणजे सकाळपर्यंत धुकं विरेल.
पूर्ण विरत नाही.
नळाला नळ म्हणायला अजून क्षणभर लागतो.

परवा पहाटे, कॅम्पच्या किचनमध्ये तांदूळ धुताना,
पाणी तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा
तो आला.
न बोलावता, ओल्या हातांत.

उंबरठा.

हात न पुसताच फोन उचलला, बटण दाबून धरलं.
उंबरठा, मेहरू. उंबरठा दगडाचा बसवा,
लाकडाला वाळवी लागते.
आणि मी पीत नाही. गोळी आहे, नसेची,
पंचाहत्तरची, साडेसातला.
तिनंच बोलणं असं होतं.
एवढं सांगून पुन्हा एकदा म्हणालो, उंबरठा,
उगाच, जिभेला बरं वाटलं म्हणून.

तिचं उत्तर दुपारी आलं, शेडमध्ये:
"काळ्या दगडाचा. गुरुवारीच बसवला.
पाय कुठला दुखतो, डावा की उजवा?"