सरासरीत कोण धरलंय

विट्याहून अकरा किलोमीटरवर आमची ग्रामपंचायत.
दोन खोल्या, एक संगणक, आणि मी.
जुन्या मृत्यूनोंदी संगणकावर चढवा, असं वरून पत्र आलंय.
वहीच्या पहिल्या पानावर शिक्का: जिल्हा दक्षिण सातारा.
वाळवीनं समास खाल्लाय,
आकडे तेवढे सोडलेत.

सन बावन्न. वर्षभरात अकरा माणसं.
पहिल्या चौघांच्या नावाच्या रकान्यात
एकाच वळणाच्या अक्षरात: 'ठेवले नाही'.
वय: तीन दिवस, सहा दिवस, अर्धा दिवस, आठ दिवस.
कारण: धनुर्वात, धनुर्वात, अशक्त, धनुर्वात.
नाळ कशानं कापली, याला रकाना नव्हता.
मग वर्षावर्षाची दोन.
मग तीन वर्षांची सोनुली, हगवण.
आणि तिच्याखाली एकदम
सत्तर, चौऱ्याहत्तर, एक्याऐंशी,
नव्वदीची बकुळा हसबे.
कारण: म्हातारपण.

बेरीज केली, अकरानं भागलं.
एकोणतीस.
एकोणतीसचं त्या साली कुणीच गेलं नाही.

शाळेत सांगायचे, पूर्वी लोक तिशीत मरायचे.
नाही ओ गुरुजी.
तिशीत ते विहिरी खणत होते,
मेंढरं घेऊन माणदेशात उतरत होते,
भांडत होते बांधावरून.
मरायचे ते पाळण्यात,
पाळणा असलाच तर.
तिथून जे उतरले
ते तेव्हाही काठी टेकत
देवळाच्या पायरीपर्यंत जायचेच.

पुढच्या वह्यांत शून्यं विरळ होत जातात.
शांताक्का सुईणीनं पातं उकळायला घेतलं,
उपकेंद्रात सुई आली,
पाणी झाकून ठेवायची सवय आली.
पोरी सातवीपर्यंत बसल्या
आणि पहिलं बाळंतपण दोन-तीन वर्षं पुढं गेलं.
त्या पात्याचा कुणी सत्कार केला नाही.
नुसतं 'ठेवले नाही' लिहिणं बंद झालं.

सन दोन हजार अकरा. नऊ माणसं.
चौसष्टच्या खाली कुणी नाही.
बेरीज सहाशे त्र्याण्णव.
सरासरी सत्त्याहत्तर.
सरपंच म्हणाले, फलकावर लिहू या.

मी वही मिटली नाही.
कारण त्याच साली, भाद्रपदात,
माझे वडील सेलमला गेले.
चांदीच्या गलाईवर, तेजाबाच्या पिवळ्या धुरात
बावीस वर्षं, फडकं नाकाला बांधून.
वय सत्तेचाळीस.
दाखला तिकडचा, तमिळमध्ये.
गलाईतल्याच एका पोरानं वाचून दाखवला:
हृदयक्रिया बंद पडल्याने.
ती तर सगळ्यांचीच पडते.
छातीतून मांजरासारखा आवाज यायचा, रात्रभर,
सुट्टीला आले की आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो.
त्याला तिकडंही रकाना नसावा.

माणूस जिथं मरतो तिथं नोंदतात.
आमची पोरं सेलमला, कानपूरला, कटकला मरतात,
आणि गावची सरासरी
चांगली दिसते.

संध्याकाळी आईला सांगितलं.
ती जोंधळ्यातले खडे वेचत होती. वय छप्पन्न.
'सरकारी हिशेबानं माझी किती ऱ्हायली गं?'
तसं नसतं आई, म्हटलं,
जन्मताना सांगितलेला आकडा जन्मतानाचा असतो.
छप्पन्न गाठलंस म्हणजे
जे लवकर गाठतं ते मागं पडलं,
तुझी हद्द पुढं सरकली.
'आनि सत्तरी गाठली की?'
आणखी सरकेल.
'म्हंजे संपतच न्हाई की' म्हणाली,
हसली, सूप पाखडलं.
मग जरा वेळानं, दाण्यांकडं बघत:
'त्यास्नी पेन्सिलीनं तरी लिव की.'

वहीत लिहिता येत नाही.
दिनदर्शिकेच्या मागं लिहिलं.
सहाशे त्र्याण्णव अधिक सत्तेचाळीस.
भागिले दहा.
चौऱ्याहत्तर.

एक माणूस परत आणला
तर गावात प्रत्येकाच्या वाट्याची
तीन वर्षं गेली.