पंच्याऐंशी नंबरची दाढ

सहा वर्षांच्या तोंडात पंच्याऐंशी नंबरची दाढ.
आमची मोजायची रीतच तशी.
मॉर्वेनला मात्र ते फार आवडलं.
"म्हणजे माझ्या आजोबांपेक्षा म्हातारी!"
आणि खुर्चीत मागे रेलून तिनं आ केला.

डंडी. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले,
खिडकीखाली टे नदी शिशाच्या रंगाची,
सीगल कुणाच्या तरी हातातले चिप्स पळवतोय.
आत मी निळ्या रबरातून
एकच दाढ वर घेते, बेटासारखी.
कीड थेट नसेपर्यंत पोचलेली.

तिची आई कर्स्टी, बेकरीतून तशीच आलेली,
कोपराला पीठ. सही करता करता विचारते,
"झाडपाल्याचं आहे ना? मग अपाय नसेल."
अजून माहीत नाही, मी म्हणते,
म्हणून तर अभ्यास.
धोत्राही झाडच, हे तिला कसं सांगावं सुचेना.
मग फॉक्सग्लोव्ह आठवलं,
जांभळ्या घंटांचं, इथल्या कुठल्याही कुंपणापाशी उगवणारं.
"हृदय थांबवतं ते," ती म्हणाली.
थोडं थांबून सही केली.

पाकीट फोडलं. गट ब.
म्हणजे हळद आणि कोरफड,
पण फोडणीतली नव्हे, कुंडीतली नव्हे;
गाळलेली, तोललेली, बॅच नंबर लावलेली,
गार कुपीतून आलेली.
मिरजेहून अण्णांनी धाडलेली बाभळीच्या सालीची पूड
दोन वर्षं माझ्या लॉकरमध्ये आहे,
कस्टम्सच्या चिकटपट्टीसकट.
"पोरगी दातांची डॉक्टर झाली
आणि लवंगसुद्धा विचारून लावते!"
विचारूनच लावते, अण्णा.

केसाएवढी सुई. मिठाचं पाणी.
मग कागदाची वात मुळात सोडायची,
ओली आली की दुसरी, परत ओली, तिसरी,
चौथी कोरडी.
आता भरायचं.

दुधाच्या दाताचं एक अवघड असतं.
त्याची मुळं आपण होऊन झिजत जातात,
खालून येणाऱ्याला वाट करून देत.
तेव्हा आत भरलेलंही
मुळाच्याच चालीनं विरायला हवं.
आधी नाही.
आणि रेंगाळून तर मुळीच नाही.
घट्ट बसणारी औषधं आमच्या कपाटात पुष्कळ आहेत.
कधी निघायचं हे ज्याला कळेल
असं एक हवंय.

हातमोज्यावर पिवळा ठिपका.
"कस्टर्ड?" डोळ्यांनीच विचारलं तिनं,
तोंड माझ्या ताब्यात होतं.

मे महिन्यात एक्स-रे. दोन मुळांच्या मध्ये
काळी सावली, मसुराच्या डाळीएवढी.
डॉक्टर गिलख्रिस्टनी पेन्सिलचं टोक तिथे टेकवलं
आणि काही बोलले नाहीत.
याच गटातल्या अकरा दाढा ठणठणीत आहेत.
ही नाही.
दुसऱ्या गटातलीही एक गेली, असं मनात आलं,
पण त्या रकान्याचा या रकान्याला काय उपयोग?
मी 'अयशस्वी' लिहिलं. अक्षर नीट काढलं.

दाढ काढली. रिकाम्या जागी तारेची कडी बसवली,
शेजारणीनं सरकू नये म्हणून.
मॉर्वेननं प्लास्टिकच्या डबीत दाढ हलवून पाहिली,
खुळखुळ्यासारखी वाजली.
मग गालात कापूस, बोबडे बोल:
"नंबर पंच्याऐंशी. म्हणजे परीनं पंच्याऐंशी पेन्स द्यायला हवेत."
आणि नर्सबरोबर स्टिकर निवडायला गेली.

कर्स्टीनं पाकीट उघडलं.
पन्नास. वीस. दहा.
पाच कमी.
ती माझ्याकडे बघून हसली, थोडी ओशाळून.
मी लॉकर उघडलं, डब्यामागे, छत्रीखाली चाचपलं.
अण्णांची पुडी एका कोपऱ्यात फाटली होती.
पाचाचं नाणं मिळालं,
तपकिरी पूड लागलेलं, किंचित तुरट वासाचं.

पुसायला हवं होतं. तसंच दिलं.