अर्धं तिकीट

नाटकाची जाहिरात आमच्याच बसच्या पाठीवर होती.
मुकुट घातलेला नट, मागे बावीस वादक,
खाली ठळक: हाउसफुल्ल. पुन्हा हाउसफुल्ल.
वागळे डेपोत बस धुतली
की आधी त्याच्या मुकुटावरून पाणी ओघळायचं.

दर बाराशे, नऊशे, सहाशे.
सहाशेला बाल्कनीची शेवटची रांग.
किसननगर ते कोपरी, दांडीला धरून मी हिशोब केला:
दोघांचे मिळून एक सिलेंडर, वर महिन्याचं दूध.

सवलत मागणं मला जमत नाही.
माझं काम सवलत पकडण्याचं.
सव्वीस वर्षं ऐकतेय, "पाच पुरी नाहीत हो अजून,"
आणि मांडीवरचं पोर मोठ्यांदा पाटी वाचतंय:
ती-न हा-त ना-का.
मी अर्धं फाडायची. कधी पुरं.
कधी नुसतीच खिडकीबाहेर बघायची.

कुणी म्हणालं, अमक्या बँकेचं कार्ड असेल तर वीस टक्के.
ज्येष्ठ म्हणावं, तर यांना साठाला अकरा महिने कमी.
कॅश काउंटरची फिलोमिना म्हणाली, युनियनची यादी असते.
यादी होती. भरलेली होती.
दिरांच्या ओळखीतला पेटीवाला सावंतवाडीला गेलेला.

शेवटी ड्यूटी संपवून खाकीतच गेले,
तलावपाळीला, भेळेच्या गाड्यांमागून, खिडकीशी.
आत म्हापसेकर. चष्मा कपाळावर,
पुढ्यात खुर्च्यांचा नकाशा,
त्यावर लाल पेन्सिलीच्या फुल्या,
गोधडीला टाके घालावेत तशा दाट.
"स्वस्तातलं काही?"
त्याने माझ्याकडे पाहिलं.
नजर ओळखीची वाटली. माझीच होती ती,
मांडीवरच्या पोराचे लोंबते पाय मोजणारी.

मग पेन्सिल दोन कोऱ्या चौकटींवर थांबली.
"बाल्कनीत दिव्यांचा मनोरा उभा केलाय नाटकवाल्यांनी.
त्याच्या मागच्या या दोन. मध्ये वाट आहे, शेजारी नाहीत.
इथून डावीकडचं दिसत नाही, तिथून उजवीकडचं.
अर्ध्यात देतो. मागाहून तक्रार नको."
मी सहाशे रुपये दहा-वीसच्या नोटांत मोजले.
सुट्टे बघून तो पहिल्यांदा हसला.

यांनी उजवीकडचं दिसणारी खुर्ची घेतली.
डावा कान प्रेस मशिनने नेलाय,
उजवा वादकांच्या बाजूला राहील म्हणाले.

तिसरी घंटा. पडदा सरकला, माझ्यापुरता अर्धा.
माझ्या वाटणीला आलं एक दार, एक झोपाळा
आणि रडणारी धाकटी राणी.
राजा सारखा पलीकडे जाई
आणि मनोऱ्यामागून गाई.
लोखंडी नळ्या, गुंडाळलेल्या वायरी,
त्यांतून सूर मात्र अख्खा येत होता.
त्याच्यावर कुणी फुली मारली नव्हती.

वाटेपलीकडे अंधारात यांचं डोकं
चांगल्या कानावर कललेलं,
बोटं गुडघ्यावर, चुकत, तरी ताल धरून.
एकोणतीस वर्षांत यांना असं ऐकताना
मी पाहिलं नव्हतं.
हा प्रवेश बाराशेवाल्यांनाही दिसला नाही.

मध्यंतरात वडा खाता खाता त्यांनी विचारलं,
"ती का रडत होती गं?"
मी विचारलं, "तो कुणाशी बोलत होता?"

सुटल्यावर तलावाच्या कडेने
आम्ही नाटक जोडत चाललो, तुझं माझं करत.
एका जागी काही केल्या जुळेना.
हे म्हणतात, राजाने हात पुढे केला.
मी म्हणते, राणीने दार लावलं.
आधी काय झालं,
जांभळी नाका आला तरी ठरेना.

बस आली. कंडक्टर नवी पोरगी,
पंच अजून हातात न बसलेला.
तिने माझी खाकी बघून मान हलवली, राहू दे म्हणून.
पास पर्समध्ये होता.
मी म्हटलं, "दे गं.
दोन. पुरी."